हातावरचा नंबर

मी गोंदणाची एक जुनी मशीन आहे. तुम्ही म्हणाल टॅटू मशीन. म्हणा बापडे! पण टॅटू मशीन म्हटलं की तुमच्या डोळ्यांसमोर पेनासारखं काहीतरी काळं, गुळगुळीत येतं आणि ते चालू आहे की बंद, हेही कळत नाही. मी तसली नाही. मी चालू झाले की खालच्या दुकानदाराला कळतं. माझ्या पोटात तांब्याच्या तारेची दोन वेटोळी आहेत, डोक्यावर पोलादाची पट्टी आहे, आणि वीज मिळाली की ती पट्टी थरथरत राहते. स्वस्थ बसणं माझ्या अंगातच नाही, मित्रांनो. आत्ता बंद आहे तरी मी खुंटीवर हलते, असं माझ्या मालकिणीला, प्रियांकाला वाटतं. ती म्हणते वारा आहे, आणि खिडकी लावून घेते.

माझा जन्म कल्याणचा. तिथे काळुराम नावाचा एक कारागीर पंखे, मिक्सर आणि विजेच्या घंटा दुरुस्त करायचा. प्रियांकाची आजी केशरबाई त्याच्याकडे आली तेव्हा तिच्या हातात दोऱ्याने एकत्र बांधलेल्या तीन सुया होत्या. तिची आई, तिची आजी अशाच सुयांनी गोंदत आलेल्या. "भाऊ, माझी बोटं आखडलीत आता," ती म्हणाली, "असं कायतरी कर की सुई आपली आपण नाचंल." काळुरामने एका कचेरीची मोडकी घंटा उघडली, तिच्या पोटातली वेटोळी काढली, आणि त्यातून मला उभं केलं. माझी पहिली परीक्षा दुधी भोपळ्यावर झाली. मी त्यावर तुळशीवृंदावन काढलं. केशरबाईने मान डोलवली आणि घरी जाऊन साल काढून त्याच भोपळ्याची भाजी केली.

मग आमच्या जत्रा सुरू झाल्या. पौषात मुरबाडकडची म्हसाची जत्रा ठरलेली. एका अंगाला बैलांचा बाजार, घोंगड्यांचे ढीग, आणि दुसऱ्या अंगाला चादरीच्या आडोशाला केशरबाई, मी आणि एक जडशी बॅटरी. माझा आवाज ऐकून माणसं थांबत. तरण्या पोरांना मनगटावर विंचू हवा असे, बायांना देवाचं नाव, नवऱ्याचं नाव. लहान मुलींना तर त्यांच्या आया मांडीत दाबून धरायच्या. कपाळावर एक ठिपका, हनुवटीवर एक. मुलगी किंचाळायची आणि आई म्हणायची, "झालंच गं, झालंच." मुलीला हवं आहे का, असा प्रश्न तिथे कुणाला पडत नसे. मी तर सुई. मला चालू ठेवलं की मी चालत होते.

लोक माझं कौतुक करत. "काय झरझर काढते!" म्हणत. मला ते आवडायचं, खोटं कशाला बोलू? पण पुढे माणसं शहाणी झाली. एकाच सुईने दहाजणांचं अंग टोचलं तर आजार पसरतात, हे त्यांना कळलं आणि त्यांचं बरोबरच होतं. जत्रेतली रांग आटली. केशरबाईने मला लुगड्याच्या फडक्यात गुंडाळून पेटीत ठेवलं. ती वर्षं मी मोजली नाहीत. अंधारात मोजायचं तरी काय! इतकंच सांगते की, थरथरणाऱ्या वस्तूला गुंडाळून ठेवण्याइतकी दुसरी शिक्षा नसेल.

केशरबाई गेल्यावर तिच्या नातीने, प्रियांकाने, ती पेटी उघडली. तिने चित्रकलेचं शिक्षण घेतलं होतं आणि डोंबिवली पूर्वेला एका औषधाच्या दुकानाच्या वर टॅटूचं दुकान थाटलं होतं. तिने माझी तार बदलली, पट्टी घासली, दर वेळी बंद पाकिटातली नवी सुई लावायची असा नेम केला. रोजचं काम ते गुळगुळीत पेनच करतं. मला ती हौशी लोकांसाठी खाली काढते, ज्यांना आवाज ऐकायचा असतो.

या दुकानात बसून मी माणसांची बरीच गंमत पाहिली. कुणाला भुवया जन्मभरासाठी कोरून हव्या असतात. कुणाला मोडलेल्या प्रेमाचं नाव झाकायचं असतं. नाव लांबलचक असेल तर त्यावर अख्खा गरुड काढावा लागतो, आखूड असेल तर चिमणीवर भागतं. प्रियांका सगळं करते, पण तिची एक अट आहे. ज्याचं अंग, त्याने स्वतःच्या तोंडाने सांगायचं. नवऱ्याने बायकोसाठी, आईने मुलासाठी सांगितलेलं ती घेत नाही. अशी किती गिऱ्हाइकं तणतणत जिना उतरून गेली, म्हणून सांगू! तिच्या कपाळावरही एक फिका हिरवा ठिपका आहे. तो माझाच. ती तेव्हा वर्षाचीही नव्हती.

तर एका दुपारी दर्शना आली. ठाकुर्लीला वडिलांबरोबर राहणारी, रोज बसने ठाण्याला नोकरीला जाणारी, चाळिशीच्या आतबाहेरची बाई. बरोबर तिचा थोरला भाऊ रवींद्र. तो कल्याणला राहतो. दोघं जिन्यातच भांडत आले होते. खुर्चीत बसण्याआधीच दर्शना म्हणाली, "माझ्या बाबांच्या हातावर माझा मोबाईल नंबर टाकायचाय. इथे, मनगटाच्या वर. मोठा."

तिचे वडील दगडूकाका. मानपाड्याच्या बाजूला एका रंगाच्या कारखान्यात त्यांनी फिटर म्हणून आयुष्य काढलं. बायको शेवंती दोन वर्षांपूर्वी गेली आणि त्यानंतर काकांची आठवण विरत चालली. ते घरातून निघतात ते थेट पहिल्या पाळीला जायला, आणि कारखाना तर कधीच बंद झालेला. मग ते भटकत राहतात. मागच्या वेळी दोन दिवस सापडले नव्हते. सापडले तेव्हा पायात चप्पल नव्हती आणि ओठ फुटले होते.

"गळ्यात कार्ड घातलेलं," दर्शना सांगत होती, "पत्ता, नंबर, सगळं त्याच्यावर. तर कुठल्याही सोसायटीच्या वॉचमनकडे देऊन येतात. म्हणे, ड्युटी संपली, कार्ड जमा करा. हातात कडं केलं, नंबर कोरून. ते काढून खिडकीत ठेवलं. मशीनवर हातात कायपण घालायचं नसतं, असं मलाच शिकवतात! शर्टाच्या आत नंबर शिवला, तर गरम होतं म्हणून शर्टच काढून टाकला. आता अंगावरच लिहिलं तरच राहील. डॉक्टरांना विचारलंय, चालेल म्हणाले."

"बाबा म्हणजे काय म्हैस आहे का, कानाला बिल्ला मारायला?" रवींद्र म्हणाला.

"तुला बोलायला काय जातंय, दादा? तू रविवारी येतोस, मटण खातोस, जातोस. मी ऑफिसात बसलेली असते आणि फोन वाजला की माझे हातपाय गार पडतात."

"म्हणून त्यांचं अंग खराब करायचं?"

"मोतीबिंदू काढला तेव्हा डोळ्यात भिंग बसवलंच ना? तेव्हा नाय बोललास खराब केलं म्हणून?"

"तेव्हा बाबा स्वतः हो म्हणालेले."

प्रियांका इतका वेळ सुयांची पाकिटं लावत होती. तिने विचारलं, "आणि आता? काकांना विचारलंत का?"

भांडणाऱ्या या भावंडांचं तेवढ्या एकाच गोष्टीवर एकमत होतं. "त्यांना आजाराचं सांगितलेलं नाहीये," रवींद्र म्हणाला, "खचतील ते. घरात तो शब्दच काढायचा नाही, असं आमचं ठरलंय." दर्शनाने मान हलवली. मित्रांनो, किती घरांमध्ये असं असतं! आजाऱ्याला सोडून सगळ्यांना आजार ठाऊक असतो, आणि त्याला माया म्हणतात.

"घेऊन या त्यांना," प्रियांका म्हणाली, "मी त्यांच्याशी बोलेन. मग बघू."

ते आले तेव्हा सकाळ होती. इस्त्रीचा पांढरा शर्ट, केसांना तेल, दाढी गुळगुळीत. "जय भीम, बाळ," त्यांनी प्रियांकाला म्हटलं आणि खुर्चीत ताठ बसले. बघून कुणाला वाटलं नसतं की हा माणूस काही विसरतो. प्रियांकाने ते काळं पेन हातात घेतलं मात्र, त्यांनी हात मागे ओढला. "सुई नको. प्रेशर चेक करायला आलोय ना आपण?" दर्शनाने त्यांना तसंच सांगून आणलं होतं. वातावरण निवळावं म्हणून प्रियांकाने मला खुंटीवरून काढलं, नवी सुई लावली आणि चालू केलं.

माझा आवाज ऐकून काकांचा चेहराच बदलला. "अरे वा! कॉइल आहे ही. पट्टी थोडी सैल वाजतेय, पण चालेल." यंत्र कसं चालतं ते फिटर माणूस हाताने बघतो. त्यांनी आपला उजवा हात पुढे केला, माझ्या अंगाला बोटं लावली आणि डोळे मिटून थरथर अनुभवत राहिले. मला असं कुणी कधी पाहिलं नव्हतं. मला फार बरं वाटलं.

"बघ, हात दिला त्यांनी," दर्शना पुटपुटली, "कर पटकन."

"काका, करू ना?" प्रियांकाने विचारलं.

"करा की. चालू राहू दे."

प्रियांका क्षणभर थांबली. काका माझ्याबद्दल बोलत होते, माझ्या चालू राहण्याबद्दल, हे तिलाही कळलं असावं. पण दर्शनाचे डोळे तिच्यावर होते. रात्ररात्र जागून लाल झालेले डोळे. प्रियांकाने काकांचा हात उशीवर ठेवला आणि पहिला आकडा काढला. मग दुसरा. म्हाताऱ्या माणसाची कातडी पातळ असते, मी जपून चालत होते. तिसरा आकडा पुरा झाला आणि काकांनी डोळे उघडले.

"हे काय आहे?"

आवाज वेगळा होता. घरातल्या कर्त्या माणसाचा. प्रियांकाने मला बंद केलं.

"दर्शना, हे काय लिहिताय माझ्या हातावर?"

"नंबर आहे बाबा. माझा."

"कुणाला विचारून?" ते उठून उभे राहिले. "माझ्या आजीच्या अंगावर कपाळापासून कोपरापर्यंत गोंदलेलं होतं. माझा बाप सांगायचा, तिला कुणी विचारलं नव्हतं. आपल्या अंगावर आता कुणाचा शिक्का नको, म्हणायचा. तू लहान असताना तुझी आई तुला जत्रेत गोंदायला घेऊन चाललेली. मी नाही नेऊ दिलं. तुझा हात कोरा आहे तो माझ्यामुळे. आणि तूच माझ्या हातावर? भांड्यावर नाव घालतात तसं? शेजारी गेलं तर परत यावं म्हणून? मी काय कुठे जातो?"

दर्शनाने भावाकडे पाहिलं. रवींद्रने मान हलवून नको म्हटलं. खालच्या दुकानात कुणीतरी खोकल्याचं औषध मागत होतं, ते स्पष्ट ऐकू येत होतं.

"ताई," प्रियांका हळूच म्हणाली, "सांगा त्यांना."

"बाबा, तुम्ही जाता," दर्शना म्हणाली. "तुम्ही घरातून जाता आणि परत यायचं विसरता. तुम्हाला आजार आहे बाबा. विसरण्याचा."

काका हसले. "मी? या गावात? अगं, इथला रस्ता न् रस्ता..." पण तिचं तोंड बघून ते थांबले आणि परत खुर्चीत बसले. मग तिने सगळं सांगितलं. वॉचमनकडे जमा केलेली कार्डं, खिडकीतलं कडं, ते दोन दिवस, फुटलेले ओठ. कारखान्यातल्या दुसऱ्या कुणाच्या तरी अपघाताची हकीकत ऐकावी तसं ते ऐकत होते. ऐकून झाल्यावर बराच वेळ त्यांनी स्वतःचे पाय पाहिले.

"शेवंतीला माहीत आहे?"

"आई गेली, बाबा."

"हो. ते आहे लक्षात." ते खरं होतं की नाही, मला सांगता येणार नाही. "मग मला का नाही सांगितलं?"

"तुम्ही खचाल म्हणून," रवींद्र म्हणाला.

"खचलो असतो. स्वतःच्या आजाराने खचायची तरी मुभा ठेवायचीत मला. माझाच आजार, आणि मीच तेवढा बाहेरचा?"

रवींद्र एवढा आडदांड माणूस, पण तोंड फिरवून खिडकीशी गेला. दर्शना रडत होती आणि ते लपवायचा तिने प्रयत्नही केला नाही.

काकांनी आपल्या हातावरचे तीन आकडे पाहिले. अर्धवट काम त्यांना बघवत नव्हतं, हे त्यांच्या तोंडावरून कळत होतं. "घाल पुढचे," ते प्रियांकाला म्हणाले. "पण मी सांगतो तसं. प्रत्येक आकड्याआधी मला विचारायचं. मध्येच मी विसरलो, तर हिने मला परत सगळं सांगायचं. मग परत विचारायचं. घाई नाही करायची."

"चालेल काका."

मित्रांनो, असं काम मी जन्मात केलं नव्हतं. माझा स्वभाव तुम्हाला ठाऊक आहे. एकदा सुटले की मला थांबणं जमत नाही. इथे एक आकडा झाला की बंद. "काका, पुढचा घालू?" "घाल." पाचव्या आकड्याला त्यांनी विचारलं, "हे काय चाललंय?" दर्शनाने पहिल्यापासून सांगितलं. ते रडले आणि मग म्हणाले, घाल. सातव्याला परत विसरले. तिने परत सांगितलं. या वेळी तिचे शब्द थोडे मऊ झाले होते आणि कार्ड जमा करण्याचं ऐकून काका चक्क हसले. "कार्ड जमा करायलाच पाहिजे," ते म्हणाले, "नाहीतर दुसऱ्या दिवशी गेटवर अडवतात." घाल म्हणाले. आठवा झाला. नववा झाला.

"काका, शेवटचा. घालू?"

त्यांनी हाताकडे पाहिलं. मग माझ्याकडे. "नको."

"बाबा, एकच राहिलाय!" दर्शना म्हणाली. तिने चौथ्यांदा सगळं सांगितलं, घाईने, श्वास न घेता. काकांनी नीट ऐकून घेतलं.

"कळलं. पण नको."

ते 'नको' विसरलेल्या माणसाचं होतं की सगळं उमजलेल्या माणसाचं, हे ओळखायला माझ्याकडे काही साधन नव्हतं. त्या खोलीत कुणाकडेच नव्हतं. प्रियांकाने मला खुंटीला लावलं.

"वेडी आहेस का तू?" दर्शना तिच्यावर उखडली. "एका आकड्याशिवाय काय उपयोग त्याचा? मी धरते हात, तू काढ. दोन मिनिटांचं काम आहे!"

"ताई, सहा वेळा त्यांचं 'हो' ऐकलं आपण. एक 'नको' ऐकायचं नाही?"

"परत हरवले तर तू शोधायला येशील?"

दर्शनाने वडिलांना हाताला धरलं आणि ती तडक जिना उतरून गेली. रवींद्र मागे राहिला होता. मग तोही गेला.

खरं सांगू? त्या दिवशी मी दर्शनाच्या बाजूची होते. मला वाटत होतं, धरावा हात आणि काढावा तो आकडा! माणूस हरवणं मोठं की एक 'नको' मोठं? नंतरचे कितीतरी दिवस मला चैन पडलं नाही. दुकानात इतर कामं चालू होती. प्रियांकाने एका मुलीच्या पाठीवर चाफा काढला, कुणाचं तरी नाव माशाखाली दडवलं. पण तिचं लक्ष लागत नव्हतं. फोन वाजला की ती दचकायची आणि मी खुंटीवर खुळखुळायचे.

आणि एक दिवस तो फोन आलाच. काका सकाळपासून सापडत नव्हते. दर्शना ठाण्याहून परत निघाली होती, रवींद्र पोलीस चौकीत होता. "तू शेवटचा आकडा राहू दिलास ना? मग ये आता," एवढंच दर्शना म्हणाली. ते मला खुंटीवरून ऐकू आलं. प्रियांकाने अर्धं काम सोडून गिऱ्हाइकाची माफी मागितली, शटर ओढलं आणि गेली. मी एकटी राहिले. बाहेर ऊन रणरणत होतं. ते फुटलेले ओठ मी पाहिले नव्हते, पण मला तेच दिसत होते. वीज नव्हती तरी माझी पट्टी थरथरत होती. या वेळी वारा नव्हता, कारण खिडकी बंद होती.

पुढचं मला नंतर कळलं, ती सगळी परत दुकानात आली तेव्हा.

मानपाडा रस्त्याला प्रमोदिनी नावाच्या बाईंचं पोळीभाजी केंद्र आहे. त्यांच्या पायरीवर एक म्हातारे गृहस्थ येऊन बसले. घामाने निथळलेले, पण शर्टाची घडी न मोडलेली. नाव विचारलं तर सांगेनात. बाईंनी ताक दिलं आणि ते घेताना त्यांचा हात वर झाला. बाईंनी आकडे वाचले, मोजले, परत मोजले. एक कमी. "अहो, शेवटचा कुठाय?" त्यांनी विचारलं. काका म्हणाले, "तो घरी आहे."

बाईंनी पदराला हात पुसले आणि फोन हातात घेतला. शेवटी शून्य लावून पाहिलं. फोन बंद. एक लावला. त्या माणसाला वाटलं ही फसवाफसवी आहे. "आता ओटीपी मागणार ना?" म्हणून तो अद्वातद्वा बोलला. दोनवर कुणी उचललंच नाही. तीनवर एका लहान मुलाने उचलला आणि आई आंघोळीला गेलीय, असं सांगितलं. चारवर बोलणाऱ्या गृहस्थांचं मराठी बाईंना कळेना, इतकी त्यांची बोली वेगळी. पण ते "थांबा, थांबा" म्हणत राहिले आणि नीट ऐकून घेऊन मगच त्यांनी चुकीचा नंबर म्हणून सांगितलं. पाच आणि सहाही भलतीकडेच लागले. सातवर फोन सारखा गुंतलेला लागत होता. बाई आठवर गेल्या, नऊवर गेल्या. गल्ल्यावर पोळ्यांसाठी माणसं खोळंबली होती, त्यातला एकजण म्हणाला, "मावशी, सात परत लावा. ज्याचं माणूस हरवतं, त्याचा फोन गुंतलेलाच असणार." परत लावला आणि दर्शनाने उचलला.

तिने तिथेच पायरीवर बसून वडिलांच्या मांडीवर डोकं ठेवलं, असं प्रियांका सांगत होती. काका तिच्या केसांवरून हात फिरवत विचारत होते, "काय झालं? ऑफिसात कुणी बोललं का?" आणि ती सगळी घरी निघत असताना प्रमोदिनीबाईंचा फोन वाजला. मघाशी चारवर बोललेले ते गृहस्थ. त्यांना विचारायचं होतं, सापडले का आजोबांचे घरचे?

दुसऱ्या दिवशी तिघंही दुकानात आली. रवींद्रनेच आग्रह धरला होता की आता तो आकडा पुरा करून टाकू. प्रियांकाने नवी सुई लावली. मी तयार होते. इतकी तयार मी कधीच नव्हते.

पण बोलली दर्शना. काका खुर्चीत बसल्यावर ती त्यांच्यासमोर खाली बसली आणि पहिल्यापासून सांगू लागली. आजार काय आहे, ते कसे जातात, काल कुठे सापडले, बाईंनी कुणाकुणाला फोन लावले. आता तिच्या आवाजात घाई नव्हती. फोनवरच्या त्या लहान मुलाचं ऐकून काकांना हसू आलं. मग तिनेच विचारलं, "बाबा, शेवटचा आकडा घालूया?"

काकांनी नवव्या आकड्यापुढच्या कोऱ्या कातडीवरून अंगठा फिरवला.

"नको. तेवढी जागा माझी."

दर्शनाने त्यांची बाही खाली ओढली आणि बटण लावलं. "ठीक आहे," ती म्हणाली. "चला, जेवायची वेळ झाली."

मित्रांनो, मी मशीन आहे. अंग बदलू नका, असं मी तुम्हाला कोणत्या तोंडाने सांगू? कान टोचा, भुवया कोरा, गुडघा बदला, डोळ्यात भिंग बसवा. अंग तुमचं आहे. पण दुसऱ्याच्या अंगाला हात लावायचा असेल, मग ते तुमच्या बापाचं असो नाहीतर लेकीचं, तर आधी त्याला खरं काय ते सांगा आणि मग विचारा. तो विसरला तर परत सांगा, परत विचारा. कंटाळा येईल. दर्शनालाही येतो. आणि इतकं करून तो नको म्हणाला, तर माझ्यासारखीला बंद करा. मी थोडा वेळ थरथरत राहीन. माझी काळजी करू नका.